आधी श्वास, मग हृदय: श्वासाची गती बदलत असताना एचआरव्ही कसं मोजायचं

एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतच्या वेळेतले चढउतार. प्राणायामावरच्या एका विद्यार्थी-प्रकल्पाचा त्याचाच आलेख तपासायला आला होता. पहिली पाच मिनिटं साधा श्वास, मिनिटाला १५. पुढची पाच मिनिटं संथ श्वास, मिनिटाला ६. खाली निष्कर्ष होता: ‘संथ श्वसनात एचएफ घटलं, एलएफ-एचएफ गुणोत्तर अनेक पटींनी वाढलं, म्हणजे सिंपथेटिक चेतना वाढली.’ (एचएफ आणि एलएफ म्हणजे या चढउतारांतले वेगवान आणि संथ पट्टे, ०.१५ हर्ट्झच्या वरचा आणि खालचा; सिंपथेटिक म्हणजे तणावात जागी होणारी मज्जासंस्था.) माणूस डोळे मिटून स्वस्थ बसलेला, आणि कागदावर मात्र तो तणावात!

आकडेमोड बरोबर होती. गफलत वेगळीच होती. मिनिटाला १५ श्वास म्हणजे ०.२५ हर्ट्झ आणि ६ म्हणजे ०.१ हर्ट्झ. हृदयगतीतली श्वासाची लाट श्वासाबरोबरच खाली सरकली आणि ०.१५ हर्ट्झची सीमा ओलांडून एचएफ बँडमधून एलएफ बँडमध्ये गेली. लाट तिथेच होती, फक्त शेजारच्या खोलीत. एचएफची खोली रिकामी दिसली म्हणून ‘घट’ लिहिली गेली.

हीच चूक वेगवेगळ्या रूपांत सतत समोर येते, म्हणून हा लेख. ज्यांच्याकडे ईसीजी आणि श्वास या दोन्ही नोंदी आहेत आणि नोंद चालू असताना दोन्ही बदलत जातात, त्यांच्यासाठी हा क्रम आहे. क्रम मोडू नका. इथे मागच्या टप्प्यातली चूक पुढच्या टप्प्यात सुंदर आलेखाचं रूप घेते आणि मग ती सापडत नाही.

## सुरुवातीपूर्वी: काय हवं, काय चालणार नाही

ईसीजीचं सॅम्पलिंग किमान २५० हर्ट्झ हवं, १००० मिळालं तर उत्तम. १९९६ च्या युरोपीय-अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये २५० ते ५०० किंवा त्याहून जास्त असंच सांगितलं आहे. २५० हर्ट्झला दोन नमुन्यांमध्ये ४ मिलिसेकंदांचं अंतर असतं. म्हणून त्या दरावर आर-शिखराभोवतीच्या (ईसीजीत प्रत्येक ठोक्याला दिसणारं उंच टोक) तीन बिंदूंतून पॅराबोला बसवून खरं शिखर काढा. वृद्धांमध्ये श्वासाची लाट फार लहान असते, तिथे हे ४ मिलिसेकंद भारी पडतात.

मनगटी घड्याळाची प्रकाशावर चालणारी नोंद या कामाला घेऊ नका. नाडीचा ठोका रक्तवाहिन्यांतून मनगटापर्यंत यायला लागणारा वेळ श्वासाबरोबर स्वतःच बदलतो, म्हणजे जे मोजायचं तेच दूषित होतं.

श्वासासाठी छातीचा किंवा पोटाचा पट्टा वापरा आणि तो ईसीजीच्याच यंत्राला जोडा. पट्टा नसेल तर आर-शिखरांच्या उंचीतल्या चढउतारातून श्वास काढता येतो, पण त्याकडे शेवटचा उपाय म्हणूनच पाहा.

हाताशी नोंद नसेल तर फिजिओनेट या शरीर-नोंदींच्या खुल्या संग्रहातला ‘फँटेसिया’ डेटासंच सरावाला चांगला आहे. त्यात २० तरुण (वय २१ ते ३४) आणि २० वृद्ध (६८ ते ८५) अशा निरोगी व्यक्तींच्या, झोपून विश्रांती घेतानाच्या १२० मिनिटांच्या नोंदी आहेत. ईसीजी आणि श्वास दोन्ही २५० हर्ट्झला.

सावधान: एडी८२३२ सारख्या ईसीजीच्या छोट्या मॉड्यूलवर स्वतः नोंद घेत असाल तर इलेक्ट्रोड अंगावर असेपर्यंत लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, फक्त बॅटरीवर चालवा. हे सुरक्षिततेसाठी आहे. ५० हर्ट्झची घरघर कमी होते, तो वरचा फायदा.

सावधान: एट्रियल फिब्रिलेशन किंवा पेसमेकर असलेल्यांच्या नोंदीवर ही पद्धत लावू नका. ठोका सायनस नोडमधून (हृदयाचं नैसर्गिक ठोका-केंद्र) निघत असेल तरच पुढच्या सगळ्याला अर्थ आहे. शिवाय हे संशोधनाचं आणि शिकण्याचं साधन आहे, निदानाचं नव्हे.

## टप्पा १: नोंद घेताना खुणा करा

ईसीजी आणि श्वास वेगवेगळ्या यंत्रांवर असतील तर सुरुवातीच्या वेळेतला एका सेकंदाचा फरक म्हणजे ०.२५ हर्ट्झला पूर्ण ९० अंशांचा फेज-फरक. मग ‘श्वास आत घेताना हृदयगती वाढते’ हे साधं निरीक्षणही बिघडतं. एकाच यंत्रावर नोंद घेतली की हा प्रश्न मिटतो.

सुरुवातीला एक खोल पूरक, पाच सेकंद कुंभक आणि मग सावकाश रेचक करायला सांगा. हा छोटा भाग पुढे फार कामी येतो. सिग्नल वर जातो तेव्हा श्वास आत की बाहेर, हे त्यावरून पक्कं कळतं. नाकाखालच्या तापमान-सेन्सरमध्ये उच्छ्वासाला सिग्नल वर जातो, पट्ट्यात श्वास आत घेताना. मी उलट्या जोडलेल्या पट्ट्यावर लिहिलेला अख्खा अहवाल पाहिला आहे.

बोलणं, खोकला, आवंढा, कूस बदलणं, सगळ्याची वेळ वहीत लिहा. ‘१२:४० ला उसासा’ एवढी नोंद पुढचा अर्धा तास वाचवते.

तपासा: अर्डुइनोवर नोंद असेल तर सॅम्पलिंग ‘डिले’ देऊन केलं आहे का? तसं असेल तर नमुन्यांमधलं अंतर सारखं राहत नाही. टायमर इंटरप्ट वापरा आणि प्रत्येक नमुन्यासोबत मायक्रोसेकंदात वेळ लिहून घ्या.

## टप्पा २: आर-शिखरं शोधा, पण मूळ सिग्नलवर

५ ते १५ हर्ट्झचा बँडपास (फक्त तेवढा पट्टा ठेवणारा फिल्टर), मग उताराचा वर्ग, मग सुमारे १५० मिलिसेकंदांची सरकती बेरीज. १९८५ पासून रुळलेला पॅन-टॉम्पकिन्सचा हा मार्ग पुरेसा आहे. पायथनमध्ये न्यूरोकिट वापरलं तरी आत साधारण याच जातीचं काम चालतं.

चूक होते ती शिखराची जागा घेताना. फिल्टर सिग्नलला उशीर लावतो आणि सरकती बेरीज शिखर पसरवते. फिल्टर झालेल्या सिग्नलवरचं शिखर म्हणजे ‘ठोका इथे कुठेतरी आहे’ एवढीच खूण. तिच्या आजूबाजूला ५०-६० मिलिसेकंदांत, लागलेला उशीर वजा करून, मूळ ईसीजीवर जाऊन खरं शिखर घ्या. फिल्टर पुढे-मागे दोन्ही दिशांनी चालवला तर उशीर लागतच नाही. सायपायमधलं ‘सॉस-फिल्ट-फिल्ट’ हेच करतं.

तपासा: ईसीजीवर शिखरांचे ठिपके काढून संपूर्ण नोंद डोळ्यांखालून घाला. दहा सेकंदांच्या चौकटी केल्या तर १५ मिनिटांची नोंद पाहायला दहा मिनिटं लागतात. ही पायरी गाळून कोणतंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही.

## टप्पा ३: अंतरं नव्हे, शिखरं दुरुस्त करा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबू. सलग आरआर अंतरं (दोन शेजारच्या आर-शिखरांमधला वेळ) मिलिसेकंदांत पाहा.

८०६, ८१२, १६२४, ७९८: मधला ठोका सुटला आहे.

८१२, ३३०, ४८०, ८०५: ठोक्यामागच्या टी-लहरीला ठोका समजलं गेलं. ३३० आणि ४८० मिळून ८१० होतात, ते एकच अंतर आहे.

८१०, ८१५, ५२०, १०९५, ८०८: वेळेआधी आलेला ठोका आणि त्यामागचा विराम. दोन्ही मिळून १६१५, म्हणजे साध्या दोन अंतरांएवढेच.

बहुतेक जण अशी अंतरं यादीतून सरळ काढून टाकतात. त्याने काय होतं? १०९५ आणि ५२० काढले की पुढचे सगळे ठोके वेळेच्या अक्षावर १.६ सेकंद अलीकडे सरकतात. श्वासाची नोंद मात्र जागेवरच राहते. अशा तीन-चार दुरुस्त्या झाल्या की नोंदीच्या शेवटी हृदय आणि श्वास यांचा मेळ एका श्वासाहूनही जास्त चुकलेला असतो.

म्हणून काम शिखरांच्या वेळांवर करा. सुटलेल्या ठोक्याच्या जागी मध्ये एक शिखर घाला. खोटं शिखर पुसा. वेळेआधीचं शिखर शेजारच्या दोन शिखरांच्या मधोमध सरकवा. मग अंतरं नव्याने काढा. एकूण वेळ एक मिलिसेकंदही बदलत नाही.

सावधान: ‘मागच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त बदललेलं अंतर काढून टाका’ हा नियम आंधळेपणाने लावू नका. तरुण, तंदुरुस्त माणसाने मिनिटाला ६ च्या गतीने श्वास घेतला तर एकाच श्वासात आरआर ७५० पासून १०५० पर्यंत जाऊ शकतं. नियम तिथे खरे ठोके खाऊ शकतो आणि जी लाट मोजायची तिचाच माथा उडवू शकतो. नियमाने फक्त संशयित दाखवावेत, निवाडा ईसीजी पाहून तुम्ही करा.

मी स्वतः एखाद्या भागात शंभरात पाचहून जास्त ठोके दुरुस्त करावे लागले तर तो भाग विश्लेषणातून बाजूला ठेवते.

## टप्पा ४: आता श्वास, हृदयाच्या आधी

हृदयगतीचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती पॉवर) उघडण्याआधी श्वासाची गती क्षणाक्षणाला काय होती ते काढून ठेवा. पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

पट्ट्याच्या सिग्नलला ०.०५ ते ०.७ हर्ट्झचा बँडपास लावा, तोही दोन्ही दिशांनी. मग दोन वाटा आहेत. पहिली: प्रत्येक श्वासाचा माथा आणि तळ शोधा, दोन तळांमधल्या वेळेवरून त्या श्वासाची गती काढा. दुसरी: हिल्बर्ट रूपांतर करून फेज (त्या क्षणी लाट कुठे आहे) काढा आणि तिच्या उतारावरून गती घ्या. माझा कौल पहिल्या वाटेला. हिल्बर्टची गती गुळगुळीत दिसते, पण सिग्नलमध्ये एकच अरुंद लाट असेल तरच ती खरी असते. उसासा आला, बोलणं आलं की ती भरकटते, कधी ऋणही होते.

कुंभक असेल तर दुप्पट जपा. श्वास रोखलेला असताना पट्टा सपाट असतो. तिथे फेज नाही, गती नाही. तरी हिल्बर्ट आकडा देतोच, तो पट्ट्याच्या गोंगाटाचा असतो. अशा सेकंदांना ‘गती उपलब्ध नाही’ अशी खूण करा.

पूरक-रेचक १:२ प्रमाणात असेल तर लाट सममित राहत नाही आणि तिच्या दुपटीवर दुसरी लाट उभी राहते. ०.१ हर्ट्झचा श्वास, त्याची दुप्पट ०.२ हर्ट्झ, म्हणजे थेट एचएफ बँडमध्ये. ‘संथ श्वसनातही एचएफ शाबूत राहिलं’ असं वाटलं तर आधी श्वासाच्या स्पेक्ट्रममध्येही ०.२ ला उंचवटा आहे का ते पाहा. असेल तर तुमच्या हातात श्वासाचा आकारच आला आहे.

तपासा: हाताने मोजलेले एका मिनिटाचे श्वास आणि संगणकाने काढलेली गती नोंदीच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी जुळते का?

## टप्पा ५: समान अंतराचा टॅकोग्राम

टॅकोग्राम म्हणजे वेळेनुसार आरआर अंतरांचा आलेख. ठोके समान अंतराने पडत नाहीत, आणि बहुतेक पद्धतींना मात्र समान अंतराचे नमुने लागतात. प्रत्येक आरआर अंतराला त्याच्या शेवटच्या शिखराची वेळ, सेकंदांत, चिकटवा. आडव्या अक्षावर ठोक्याचा क्रमांक घेतला तर वारंवारता ‘दर ठोक्याला’ येते, हर्ट्झमध्ये नाही. मग क्यूबिक स्प्लाइनने ४ हर्ट्झवर नमुने घ्या. श्वासही त्याच वेळांवर, आधी लो-पास लावून, ४ हर्ट्झवर आणा.

४ हर्ट्झ म्हटल्यावर २ हर्ट्झपर्यंतचं सगळं दिसेल असा समज होतो. तसं नाही. माहिती ठोक्याला एकदाच मिळते. ठोके मिनिटाला ६० असतील तर खरी मर्यादा ०.५ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ३० श्वास. कपालभातीचं उदाहरण घ्या. मिनिटाला ६० झटके म्हणजे १ हर्ट्झ, हृदयगती ८० म्हणजे १.३३ हर्ट्झ. या दोहोंतल्या फरकाची, ०.३३ हर्ट्झची, खोटी लाट टॅकोग्राममध्ये दिसू शकते, नेमकी एचएफ बँडमध्ये. कपालभातीच्या नोंदीवर एचएफ मोजूच नका. आधीच्या आणि नंतरच्या शांत भागांची तुलना करा.

शेवटी संथ चढउतार काढा. स्मूदनेस प्रायर्स पद्धत, लॅम्डा (किती गुळगुळीत करायचं त्याचा आकडा) ५००, ४ हर्ट्झला साधारण ०.०३५ हर्ट्झच्या खालचं काढते. श्वास मिनिटाला २ इतका संथ असेल तर हीच पायरी श्वासाची लाट गिळते. तिथे लॅम्डा वाढवा.

## टप्पा ६: उत्तर माहीत असलेल्या सिग्नलवर चाचणी

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची हीच.

एक कृत्रिम हृदय तयार करा. सरासरी आरआर ८५० मिलिसेकंद. त्यावर ४० मिलिसेकंदांची एक लाट, ०.३ हर्ट्झपासून पाच मिनिटांत सावकाश ०.१ वर उतरणारी. ही श्वासाची लाट. शिवाय २० मिलिसेकंदांची दुसरी, ०.१ हर्ट्झवर स्थिर. पहिला ठोका शून्यावर ठेवा, त्या क्षणाचं आरआर मिळवून पुढचा ठोका ठेवा, असं पाच मिनिटं करत जा. मग हे ठोके टप्पा ५ पासून पुढच्या तुमच्याच कोडमधून काढा.

स्पेक्ट्रोग्रामवर (वेळेबरोबर बदलणाऱ्या स्पेक्ट्रमचा आलेख) एक तिरपी रेघ खाली येताना आणि एक आडवी रेघ स्थिर दिसली पाहिजे. शेवटच्या मिनिटात तिरपी रेघ आडवीला भिडते. तिथे दोन रेघा वेगळ्या दाखवणारी पद्धत सापडली तर आनंदून जाऊ नका, कोड तपासा. एकाच वारंवारतेवर आलेल्या दोन लाटा स्पेक्ट्रममधून वेगळ्या काढता येत नाहीत. संथ श्वसनात एलएफमधला रक्तदाब-नियमनाचा भाग आणि श्वासाचा भाग वेगळे सांगता येत नाहीत, त्याचं कारण हेच.

## टप्पा ७: पद्धत आणि विंडोची लांबी

नवख्यांनी शॉर्ट-टाइम फूरियरपासून सुरुवात करावी. त्यात नोंदीचा एकेक तुकडा, म्हणजे विंडो, घेऊन त्याचा स्पेक्ट्रम काढतात. विंडो किती सेकंदांची, हा खरा प्रश्न. लांब विंडोत वारंवारता बारकाईने कळते, पण तेवढ्या वेळात श्वास पुढे सरकलेला असतो.

वरच्या चाचणीचाच हिशेब करू. वारंवारता ३०० सेकंदांत ०.२ हर्ट्झ उतरते, म्हणजे सेकंदाला ०.०००६७. हॅन विंडोची बारकाई साधारण १.४४ भागिले लांबी. ६० सेकंदांच्या विंडोत बारकाई ०.०२४ हर्ट्झ, पण तेवढ्यात श्वास ०.०४ सरकतो, रेघ फराटा होते. ३० सेकंदांत श्वास ०.०२ सरकतो, पण बारकाईच ०.०४८. दोन्ही समान होतात ती लांबी म्हणजे १.४४ला सरकण्याच्या वेगाने भागून त्याचं वर्गमूळ: इथे सुमारे ४६ सेकंद. तुमच्या नोंदीतला श्वास सर्वात वेगाने कुठे बदलतो ते टप्पा ४ मधून घ्या आणि हाच हिशेब करा. विंडो एका सेकंदाने सरकवत न्या.

मात्र ४६ सेकंदांच्या विंडोत एका सेकंदाने मिळालेले शेजारचे दोन आकडे स्वतंत्र नसतात. पाच मिनिटांत ३०० आकडे आले म्हणून नमुना-संख्या ३०० धरून टी-टेस्ट लावणं ही चूक आहे. प्रत्येक व्यक्तीचा प्रत्येक अवस्थेसाठी एकच आकडा घ्या.

वेव्हलेट ही दुसरी चांगली निवड. उंच वारंवारतेला ती आपोआप आखूड विंडो घेते, संथ वारंवारतेला लांब. तिचे टोकाचे भाग मात्र टाकावे लागतात. नेहमीच्या मॉर्ले वेव्हलेटला ०.१ हर्ट्झवर दोन्ही टोकांचे सुमारे १४ सेकंद, ०.०४ वर सुमारे ३४.

विग्नर-व्हिल हे तिसरं तंत्र रेघा सर्वात बारीक काढतं, पण दोन खऱ्या लाटांच्या मधोमध तिसरी खोटी उभी करतं. गुळगुळीत केलेलं रूप वापरा, आणि तेही टप्पा ६ ची चाचणी पार झाल्यावरच. सिग्नल आपोआप घटकांत फोडणारं ईएमडी सुरुवातीला टाळा: एका व्यक्तीच्या तिसऱ्या घटकात श्वास येतो, दुसऱ्याच्या दुसऱ्या घटकात, आणि तुलना कशाची कशाशी होते ते कळत नाही.

सावधान: दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेली पॉवर एकमेकींशी ताडू नका. त्यांची मापं वेगळी असतात.

## टप्पा ८: श्वासामागे चालणारा बँड

आता ०.१५ ची स्थिर सीमा सोडा. प्रत्येक क्षणी टप्पा ४ मधली श्वासाची गती मध्यबिंदू धरा आणि तिच्या दोन्ही बाजूंना ‘२ भागिले विंडोची लांबी’ एवढा बँड घ्या. ४६ सेकंदांच्या विंडोला ते ०.०४ हर्ट्झ येतं. एवढ्या रुंदीत रेघेची जवळजवळ सगळी पॉवर येते. ‘गती उपलब्ध नाही’ अशी खूण असलेली सेकंदं आणि त्यांना स्पर्श करणाऱ्या विंडो वगळा.

सुरुवातीच्या आलेखावर हे केलं तेव्हा ‘घटलेली’ पॉवर ०.१ हर्ट्झवर पूर्ण सापडली, पहिल्यापेक्षा मोठी. त्यावर ती विद्यार्थिनी लगेच म्हणाली, “म्हणजे ताई, पॅरासिंपथेटिक वाढलं असं लिहू?” तेही नाही. श्वास संथ आणि खोल झाला की ही लाट मोठी होतेच, व्हेगस नर्व्हच्या (पॅरासिंपथेटिकची हृदयाकडे येणारी नस) चेतनेची सरासरी पातळी तीच असली तरी. ०.१ हर्ट्झच्या आसपास तर रक्तदाब-नियमनाचं चक्रही साथ देतं. दोन अवस्थांची थेट तुलना श्वासाची गती आणि शक्यतो खोली सारखी असेल तेव्हाच करा. नाहीतर ‘श्वसनाशी जोडलेली हृदयगतीतली लाट वाढली’ एवढंच लिहा. तेवढं तुम्ही खरोखर मोजलं आहे.

तपासा: श्वास ०.१५ हर्ट्झच्या खाली गेलेल्या भागात एलएफ-एचएफ गुणोत्तर कुठे छापलं आहे का? असेल तर काढा.

## टप्पा ९: लाट खरंच श्वासाची आहे का?

त्या बँडमध्ये पॉवर असणं आणि ती श्वासाशी बांधलेली असणं या दोन गोष्टी आहेत. त्यासाठी कोहेरन्स काढा: दोन सिग्नल एका वारंवारतेवर किती बांधलेले आहेत, त्याचं ० ते १ मधलं माप. इथला सापळा जुना आहे: एकाच विंडोवर, सरासरी न घेता काढलेला कोहेरन्स सगळ्या वारंवारतांना १ येतो. आलेख पूर्ण लाल दिसला की लोक खूश होतात. किमान पाच-सहा विंडोंची सरासरी घ्या आणि सरासरी किती सेकंदांवर घेतली ते लिहा.

किती कोहेरन्स ‘पुरेसा’, हे डेटालाच विचारा. टॅकोग्रामच्या फेज विस्कटून १०० बनावट प्रती करा, प्रत्येकीचा श्वासाशी कोहेरन्स काढा, आणि खरा आकडा त्यातल्या ९५ प्रतींच्या वर आहे का पाहा. फेज विस्कटणं संपूर्ण नोंदीवर एकदम करू नका, त्याने काळाबरोबरचा बदलच पुसला जातो. साधा श्वास, संथ श्वास, नंतरची विश्रांती, प्रत्येक भाग वेगळा घ्या. दुसऱ्या व्यक्तीचा श्वास बनावट म्हणून वापरायचा असेल तर लक्षात ठेवा: सगळ्यांनी एकाच मेट्रोनोमवर श्वास घेतला असेल तर तोही जुळणारच.

## अहवालात काय लिहायचं

सॅम्पलिंग दर, दुरुस्त केलेल्या ठोक्यांची टक्केवारी प्रत्येक भागासाठी, विंडोचा प्रकार आणि लांबी, बँडची रुंदी, वगळलेले सेकंद आणि कारण. आलेख तीन, एकाखाली एक, वेळेचा अक्ष एकच: वर श्वासाची गती, मध्ये टॅकोग्राम, खाली स्पेक्ट्रोग्राम, आणि त्या स्पेक्ट्रोग्रामवर श्वासाच्या गतीची पांढरी रेघ ओढलेली. रेघ आणि उजळ फराटा एकमेकांवर बसत नसतील तर अहवाल पाठवू नका, टप्पा ३ वर परत जा.